तामद्याच्या पिवळ्या राण्या

मेक्नेस, ३ मार्च १९९४

लल्ला यज्जा,

तुला, तुझ्या हद्दूला आणि पोरांना सलाम. तू म्हणशील, याला वर्षभराने पत्राची आठवण झाली म्हणजे काहीतरी हवं असणार. बरोबर आहे, हवं आहे.

इथे शेती संशोधन केंद्रात माझ्याकडे आता फक्त मधमाश्यांचं काम आहे. मी त्यांचे पंख काचेवर चिकटवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतो. पंखातल्या शिरांवरून माशी कुठल्या कुळातली ते कळतं. टोळधाडीच्या वर्षी विमानांनी फवारणी केली, तेव्हा वाळवंटाकडच्या जवळजवळ सगळ्या खजुरीच्या गावांतून आपली पिवळी माशी संपली, हे तुला ठाऊक आहेच. नंतर लोकांनी उत्तरेकडून काळ्या माश्यांच्या पेट्या आणल्या. दोन वर्षं मी फिगिगपासून एर्फूदपर्यंत हिंडलो. जिथे जिथे पिवळी माशी दिसली, तिथे तिच्यात काळं रक्त निघालं. फक्त तू काडेपेटीतून पाठवलेल्या तामद्याच्या माश्या निखळ निघाल्या. आपली खिंड इतकी अरुंद की विमानंही आत आली नव्हती. आता ती माशी आपल्या गावच्या मोहोळांच्या एका भिंतीत उरली आहे, यज्जा. मी हे वाढवून सांगत नाही.

म्हणून मागतो. मोहोळं फुटायच्या दिवसांत जास्तीच्या राण्या निघतात, त्यातल्या थोड्या मला दे. मी त्यांची पैदास इथे सांभाळेन, अभ्यास करेन. गावची माशी गावाबाहेर जात नाही, हा तुझ्या आईचा, आपल्या इम्माचा नियम मला पाठ आहे. विकत मागत नाही, ठेव म्हणून मागतो आहे. इम्माने तुला एका बाजूला आणि मला दुसऱ्या बाजूला पाजलं. माझी आई बाळंतपणात गेली तेव्हा तिने विचार केला नाही की हा कोणाचा. तिच्या त्या दुधाची शपथ घेऊन सांगतो, राण्यांना काही होऊ देणार नाही.

तुझा बासू


तामदा, १९ एप्रिल १९९४

बासू,

शपथ घ्यायची काही गरज नव्हती. साधं मागितलं असतंस तरी दिलं असतं, पण तुला लहानपणापासून मोठी मोठी वाक्यं लागतात. मशिदीच्या शाळेत एका फळीवर दोघं लिहायचो, तेव्हाही माझी एक ओळ व्हायची आणि तुझी अर्धी फळी भरायची.

बायकांना विचारावं लागलं. भिंत एकट्या माझी नाही, सगळ्या घरांची मोहोळं तिच्यात आहेत, मी नुसती राखणदार. म्हातारी रहमा म्हणाली, "आज राणी मागतो, उद्या भिंतच मागेल." मी म्हटलं, "बासू आहे तो, परका आहे का?" ती म्हणाली, "परक्याला मी घाबरत नाही, त्याला नाही म्हणता येतं." मग सगळ्या हसल्या आणि तीही हसली. शेवटी हो म्हणाल्या, कारण तू इम्माचा.

ट्रकवाल्या सकूबरोबर सात राण्या पाठवते आहे. वेळूच्या नळ्यांत आहेत, प्रत्येकीबरोबर थोड्या दासी माश्या. नळीच्या तोंडाला मध आणि पीठ मळून लावलं आहे, ते खात खात त्या पोचतील. नळ्या उन्हात ठेवू नकोस. पंख्याखालीही ठेवू नकोस, तुम्हा शहरातल्या लोकांना फार हौस असते पंख्याची.

या वर्षी बदाम भरपूर धरला. खिंडीखालच्या मैदानात त्या कंपनीने बदामाची केवढी मोठी बाग लावली आहे, माहीत आहे ना? फेब्रुवारीत सगळी पांढरी झाली होती. पण माशी नाही, म्हणून फूल गळालं, बदाम नाही. त्यांचा माणूस हद्दूला विचारत होता, तुमच्याकडे झाडं कशी लगडतात? हद्दू म्हणाला, आमच्या बायका फुलांना गाणी म्हणून दाखवतात. त्याने ते लिहून घेतलं.

राण्यांची खबर दे.

यज्जा


मेक्नेस, ८ जानेवारी १९९५

लल्ला यज्जा,

इतके महिने लिहिलं नाही, रागावू नकोस. राण्या सुखरूप आहेत. पंख्याखाली ठेवल्या नाहीत. त्यांची मोहोळं इतकी शांत आहेत की माझे मदतनीस तोंडावर जाळी न घालता उघडतात. काळ्यांच्या पेटीजवळ असं उभं राहून दाखवावं कोणी.

इकडे मात्र धड नाही. माश्यांचा विभाग बंद करायचं वर बोलणं चाललं आहे. मधमाशीने काय होतं, असं विचारतात. मी सांगतो की तुम्ही जेवता त्यातलं निम्मं तिच्यामुळे होतं, तर मान हलवतात आणि पुढचा कागद उघडतात. असो, तुला कशाला त्रास.

यंदा वारा कसा आहे? खिंडीच्या तोंडाशी, नदीकाठी, आपण लहानपणी शेळ्या बांधायचो ती मोकळी जागा अजून तशीच आहे का? परवा सहज आठवली. आणि तू इम्मासारखीच आहेस ना अजून? तिच्या दारातून कधी कोणी रिकामं गेलं नाही. हल्ली अशी माणसं राहिली नाहीत.

तुझा बासू


तामदा, २६ फेब्रुवारी १९९५

बासू,

तुझ्या अभ्यासाची आज मला खरी गरज आहे, म्हणून नीट वाच आणि लगेच उत्तर दे.

दहा-बारा दिवसांपूर्वी मैदानात वाळूचा वारा सुटला. सकाळी मी पीठ मळत होते, बाहेर मेंढ्याचा आवाज आला आणि बंद झाला. दार उघडलं तर उंबऱ्यावर रक्त. एक परका माणूस मेंढा कापून बाजूला बसला होता, सुरी न धुता उंबऱ्यावर ठेवलेली, मान खाली. एक शब्द नाही. बाहेरचे लोक आसरा मागायला येतात तेव्हा रडतात, कपडे फाडतात. हा आपल्यातल्यासारखा गप्प. मला वाटलं, चांगल्या घरचा असणार, याच्यावर खरंच काहीतरी कोसळलं आहे. उंबऱ्यावर रक्त सांडल्यावर नाही म्हणायची आपल्यात सोय कुठे? मी बाहेर पाऊल टाकलं आणि म्हटलं, "माग."

त्याने माश्यांना आसरा मागितला.

जिलाली नाव. त्या कंपनीच्या पेट्या तो सांभाळतो. वाऱ्याने पेट्या उलथत होत्या, माश्या मरत होत्या. म्हणाला, "बाई, खिंडीच्या आत नदीकाठी जागा द्या. बदामाचा बहर संपला की नेतो." बासू, पेट्या काळ्या माश्यांच्या आहेत. इम्मा जिवंत असती तर काय केलं असतं, मला सांग. एकीकडे तिचा नियम, खिंडीच्या आत परकं मोहोळ नको. दुसरीकडे उंबऱ्यावरचं रक्त. मी रक्ताचं ऐकलं. आसरा मोठा, असं तीच म्हणायची. बायका माझ्यावर चिडल्या आहेत, पण तुझ्या जागी आम्हीही तेच केलं असतं, असंही म्हणतात.

आता तू सांग. आमच्या राण्या मार्च-एप्रिलमध्ये नरांच्या शोधात उडतात. काळ्यांचे नर कधी बाहेर पडतात? आमच्या राण्यांशी त्यांची गाठ पडेल का? पडणार असेल तर मी जिलालीला अजूनही सांगू शकते की वारा पडला, आता ऊठ. आसरा दिला म्हणजे घर दिलं असं नाही. तुझं उत्तर येईपर्यंत मी काही बोलत नाही.

यज्जा


मेक्नेस, १५ मार्च १९९५

लल्ला यज्जा,

तू योग्य तेच केलंस. इम्मानेही तेच केलं असतं. दारी आलेल्याला नाही म्हणणारी आपली माणसं नाहीत.

काळजी करू नकोस. काळे नर उशिरा निघतात आणि फार उंच उडतात. आपल्या राण्या खाली, झाडांच्या आसपास उडतात. शिवाय नदीकाठ तुमच्या भिंतीपासून पुरेसा लांब आहे. मिसळ होणार नाही. मी हे पुस्तकातून नाही, कामातून सांगतो आहे. त्या माणसाला एप्रिलअखेरपर्यंत राहू दे. मध्येच उठवलंस तर वाटेत त्याच्या माश्या मरतील, आणि ते पाप तुझ्या दारावर येईल.

जिलाली कोण, मला ठाऊक नाही. कंपन्या अशी माणसं कुठून कुठून आणतात.

इकडे बरी बातमी आहे, विभाग बहुधा वाचेल. सविस्तर नंतर.

तुझा बासू


तामदा, २ जून १९९५

बासू,

कंपनीच्या बागेत बदाम इतका धरला आहे की फांद्यांना टेकू द्यावे लागले. तुला हे आवडेल ऐकायला.

आमच्या भिंतीत नव्या माश्या निघाल्या. पहिल्यांदा मला वाटलं डोळ्यांना दिसेनासं झालं. मग उन्हात हातावर घेतली. पोटावर काळे पट्टे. एका मोहोळात नाही, बहुतेक सगळ्या मोहोळांत, जिथे जिथे यंदाची नवी राणी आहे तिथे. धुरी न देता आम्ही त्या भिंतीशी बसून लोकर विंचरायचो, तू पाहिलं आहेस. परवा रहमाचं गाढव तिथून गेलं, ते संध्याकाळपर्यंत जगलं नाही. बायका आता मुलं घेऊन खालच्या वाटेने जातात. आणि नव्या माश्या खातातही फार. जुनी पिवळी माशी उन्हाळ्यात पोटाला चिमटा काढून राहायची, झाऊच्या फुलांसाठी दोन-दोन डोंगर ओलांडायची. या घरात बसून साठा संपवतात. ऑगस्टपर्यंत काय उरेल ते बघायचं.

जिलाली ठरल्यापेक्षा उशिरा, गेल्या आठवड्यात पेट्या घेऊन गेला. जायच्या आधी आमच्याकडे चहा प्यायला आला होता. बोलका माणूस आहे, मनाने वाईट नाही.

एक विचारते. तो माणूस तुला खरंच माहीत नाही? घाई करू नकोस, आठवून लिही. चूक सगळ्यांच्या हातून होते. मी वाट बघते.

यज्जा


मेक्नेस, २० जून १९९५

लल्ला यज्जा,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. असं होईल असं वाटलं नव्हतं. कधी कधी निसर्ग पुस्तकाचं ऐकत नाही.

त्या माणसाला मी कसा ओळखणार? मेक्नेस कुठे, तुमची खिंड कुठे. हवं तर कंपनीला कडक पत्र लिहितो. तू स्वतःला दोष देऊ नकोस. परंपरा पाळलीस, त्यात तुझं काय चुकलं?

नव्या माश्यांतल्या मेलेल्या थोड्या काडेपेटीत घालून पाठवशील का? किती मिसळ झाली आहे ते मोजून बघतो. मागच्या माश्यांचे पंख माझ्याकडे आहेतच, तुलना करता येईल. हे काम फार मोलाचं ठरेल. आणि आनंदाची गोष्ट सांगायची राहिली, विभाग बंद होत नाही. उलट नवी प्रयोगशाळा होते आहे, बाहेरून मदत मिळाली.

तुझा बासू


तामदा, १० जुलै १९९५

बासू,

काडेपेटी पाठवत नाही.

जिलाली चहाला बसला होता तेव्हा काय म्हणाला, ते आता शब्दाला शब्द लिहिते. म्हणाला, "बाई, तुमच्या भावाने शिकवलं नसतं तर मी खिंडीबाहेरच बोंबलत बसलो असतो."

मी म्हटलं, "कुठला भाऊ? माझा एक भाऊ फ्रान्सला खाणीत गेला, तो आला नाही. दुसरा मातीत आहे."

"मेक्नेसचे साहेब हो. बासूसाहेब. देवमाणूस. म्हणाले, गावच्या मुख्याकडे जाऊ नकोस, तो चार जणांना विचारेल. सरळ यज्जाच्या दारात जा. मेंढा उंबऱ्यावर काप. सुरी धुऊ नकोस, तशीच ठेव. आणि ती बाहेर येईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढू नकोस. आधी बोललास तर ती नाही म्हणू शकते. बाहेर आली की मग तिचे हात बांधलेले."

मी चहा ओतत होते. पेल्याबाहेर गेला. तो म्हणाला, "बाई, भाजलं का?" मी म्हटलं, नाही.

त्याला मी काही बोलले नाही. त्याला वाटतं तू माझ्यासाठी काहीतरी चांगलं केलंस. मग मी तुला पत्र लिहिलं आणि विचारलं. तू एक ओळ लिहिली असतीस, "हो यज्जा, मीच," तर मी दोन दिवस शिव्या घातल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी लोणी पाठवलं असतं. तू दुसऱ्यांदा खोटं लिहिलंस. वर मेलेल्या माश्या मागितल्यास.

आणि मार्चमधलं तुझं पत्र. काळे नर उशिरा निघतात, उंच उडतात. मी तुला विचारलं होतं, बासू. माझ्या डोळ्यांसमोर मार्चमध्ये नर उडत होते, दुपारी, भिंतीवरून, काळे, जाडे. मी हद्दूला म्हटलं, हे तर आलेच की. तो म्हणाला, उठव मग त्याला. आणि मी म्हटलं, बासू म्हणतो काही होत नाही, तो शिकलेला आहे. माझ्या डोळ्यांवर नाही, तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. हे मी कोणाला सांगू?

चोर आला असता तर मी कुत्रं सोडलं असतं. तू माझ्या घरातली एकच गोष्ट वापरलीस, जिला कुलूप घालता येत नाही. इम्माचं मोठं मन, कोणाला रिकामं न धाडणारं तिचं दार, ते सगळं जानेवारीत लिहिलं होतंस, आणि मला वाचून रडू आलं होतं. मला वाटलं, शहरात राहून पोराला घराची आठवण येते. तू जागा मोकळी आहे का ते बघत होतास.

यज्जा


मेक्नेस, ४ ऑक्टोबर १९९५

यज्जा,

तीन वेळा लिहायला बसलो आणि फाडलं. आता जे खरं आहे ते लिहितो.

विभाग बंद होणार होता, ते खरं होतं. मी राण्या मागितल्या त्याच्या आधीच कंपनीने मदत देऊ केली होती, आणि त्यांना खिंडीतली जागा हवी होती, कारण मैदानातल्या वाऱ्यात पेट्या टिकत नव्हत्या. मी नाही म्हटलं असतं तरी ते आले असते. वरून परवाना काढून आले असते, शिपाई घेऊन. तुम्ही काठ्या घेऊन उभे राहिला असतात, हद्दूला पकडून नेलं असतं. मी विचार केला, शिपायांपेक्षा मेंढा बरा. कोणाचं डोकं फुटणार नाही, कोणाला अपमान वाटणार नाही. आपल्या रीतीप्रमाणे होईल.

मिसळ होणार हे मला माहीत होतं. म्हणूनच आधी राण्या मागून घेतल्या. हे तुला कळावं असं वाटतं. मी माशी मरू दिली नाही, यज्जा. मी ती आधी बाहेर काढली. तुझ्या सात राण्यांच्या लेकी इथे आहेत. त्यांना मी उडू देत नाही. पिवळ्या नरांचं बीज सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या नळीतून स्वतःच्या हाताने घालतो. एक थेंब काळं रक्त नाही. माझी मान आणि डोळे या कामात गेले.

तू म्हणशील तितक्या राण्या परत देतो. वसंतात मी स्वतः घेऊन येतो. तुझ्या दारात उभा राहतो, तुला काय करायचं ते कर. फक्त येऊ दे.

बासू


तामदा, २० नोव्हेंबर १९९५

बासू,

म्हणजे शपथ घेतलीस तेव्हाच तुला ठाऊक होतं. मला वाटत होतं, तू घसरलास. तू तर वाट आखून गेलास.

शिपाई आले असते असं म्हणतोस. आले असते तर आले असते. आम्ही भांडलो असतो, कदाचित हरलो असतो. पण कोणाशी भांडतो आहोत ते कळलं असतं. मला पत्र लिहून विचारायचं तरी होतंस. मी तुझी बहीण आहे की खिंडीतला दगड, ज्याला वळसा घालून जायचं?

मी बायकांना सगळं सांगितलं. भिंतीपुढे उभी राहिले आणि सांगितलं की तो माझा दूधभाऊ होता आणि मला फसवलं, आणि माझ्यामुळे तुम्हाला. कोणी ओरडलं नाही. रहमा म्हणाली, "तुझी चूक नाही, पण राखण तुझ्याकडे नको." धुरीचं मडकं आता तिच्या सुनेकडे आहे. इम्माच्या आधी तिच्या आईकडे होतं, तिच्या आईच्या आईकडे. माझ्या हातून गेलं. मी अजून सकाळी उठून भिंतीकडे जाते, अर्ध्या वाटेत आठवतं, आणि पाणी आणायला आले होते असं दाखवून परत येते.

ऑगस्टमध्ये निम्मी मोहोळं उपाशी मेली. जी उरली, त्यांतली एकही पिवळी नाही. गावाने ठरवलं आहे की वसंतात प्रत्येक घराने आपल्या हाताने आपली पट्टेवाली राणी चिरडायची आणि तुझ्याकडच्या राण्या घालायच्या. खिंडीच्या तोंडाशी आता रात्रंदिवस माणसं बसतात, कंपनीची पेटी आत येऊ देणार नाहीत. मी सुद्धा राण्या घ्याव्यात असंच म्हटलं. ज्याने फसवलं त्याच्याच हातचं घ्यायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. पण राणीने काय केलं आहे?

माश्या पाठव. तू येऊ नकोस. सकूच्या ट्रकने पाठव. सोबत चिठ्ठी नको.

यज्जा


तामदा, १७ मे १९९६

बासू,

पत्र लिहिणार नव्हते. पण राण्या पोचल्या की नाही ते तुला कळायला हवं, तेवढं तुझं देणं लागते. सगळ्या जिवंत पोचल्या. नळ्या तू नीट बांधल्या होत्यास, सावलीत ठेव असं सकूला बजावलं होतंस, हेही त्याने सांगितलं.

ज्या दिवशी जुन्या राण्या चिरडल्या, त्या दिवशी गावात कोणी जेवलं नाही. मी माझी अंगठ्याने दाबली. ती माझ्याकडे बघत होती असं काही नाही, माशी कशाला बघेल, पण मला तसं वाटलं. आता नव्या राण्यांनी अंडी घातली आहेत. पहिल्या माश्या निघाल्या आहेत, पिवळ्या, निखळ. रहमाची सून धुरी न देता हात घालते. बायका पुन्हा भिंतीशी लोकर घेऊन बसतात. तुझं काम चांगलं आहे, हे मी नाकारत नाही. कोणी विचारलं तर सांगते, केंद्रातून आल्या. नाव सांगत नाही.

हे एवढंच लिहून संपवणार होते. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली, ती मी हद्दूलाही धड सांगितलेली नाही. तुला सांगते, कारण तुझ्याशिवाय कोणाला ती पूर्ण कळणार नाही.

दुपारी मी घरात एकटी होते. बाहेर शेळीचा आवाज आला आणि बंद झाला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. तंबूतल्या लोकांतली एक बाई होती, कळप घेऊन डोंगरावर जातात त्यांच्यातली. तरुण. पायांत काही नाही, चेहरा उन्हाने फाटलेला. उंबऱ्यावर रक्त, सुरी ठेवलेली, न धुतलेली. ती बाजूला बसली होती, मान खाली, गप्प. जसं बसायला हवं, अगदी तसं.

मी कडीवर हात ठेवला. आणि माझ्या मनात तिच्याबद्दल काही आलं नाही, बासू. हिला काय झालं असेल, कोण मागे लागलं असेल, तान्हं मूल कुठे ठेवून आली असेल, काही नाही. एकच आलं, हिला हे कोणी शिकवलं? हिच्या मागे कोण आहे? कोणाला माझ्याकडून काय हवं आहे?

मी दार उघडलं नाही. दाराला पाठ लावून उभी राहिले. ती बाहेर, मी आत. रीतीप्रमाणे ती बोलू शकत नव्हती, आणि मी बाहेर गेल्याशिवाय मागू शकत नव्हती. भिंतीची सावली अंगणभर पसरली तोवर ती बसून होती. मग तिने सुरी उचलली असावी, दगडावर आवाज झाला. मी दार उघडलं तेव्हा ती वळणाच्या पलीकडे गेली होती. शेळी तशीच टाकून.

इम्माच्या दारातून ती पहिली रिकामी गेली. काय मागायला आली होती, मला कळलं नाही.

यज्जा